प्रतिसाद: दर्जा मोजायचा कशावर?

'ब्रिटिश मालिका चांगल्या असतात, कारण त्या थोड्या भागांत संपतात' हे या चर्चेत मांडलेले मत मला अपुरे वाटते. ब्रिटिश गुप्तहेर खात्यातला फितूर शोधण्याची गोष्ट सांगणाऱ्या, जॉन ल कारे यांच्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' या कादंबरीवर बीबीसीने १९७९ मध्ये सात भागांची मालिका केली आणि २०११ मध्ये त्याच कादंबरीवर सुमारे दोन तासांचा चित्रपट आला. मला दोन्ही आवडतात, पण मालिका अधिक जवळची वाटते. तिच्या पहिल्याच दृश्यात खात्याचे चार अधिकारी एकामागून एक बैठकीच्या खोलीत येतात, कोणी कागद नीट लावतो, कोणी सिगारेट पेटवतो, आणि शेवटी आलेल्या हेडनने चहाच्या कपावर बशी झाकण म्हणून ठेवलेली असते. जवळजवळ शब्दही न उच्चारता चौघांचे स्वभाव आणि परस्परांवरचा अविश्वास कळतो, आणि प्रेक्षकावरचा हा भरवसा मला दर्जाची खरी खूण वाटते. मालिकेत ॲलेक गिनेस यांनी साकारलेला, फितुराचा शोध घेणारा स्मायलीही बोलण्यापेक्षा ऐकताना अधिक प्रभावी आहे. चित्रपटात स्मायली साकारणाऱ्या गॅरी ओल्डमन यांनी तोच संयम उत्तम पेलला आहे. मात्र सहकाऱ्यांच्या वाट्याला वेळ इतका थोडा येतो की फितूर कोण हे कळल्यावर धक्का बसतो, पण मालिकेतल्यासारखी हळहळ वाटत नाही. शिवाय चित्रपटाचे दिग्दर्शक टोमास आल्फ्रेडसन स्वीडिश आहेत, त्यामुळे 'ब्रिटिश' या शिक्क्यावरून दर्जा ठरवणे मला पटत नाही.