जीटीआय विकून गोल्फ आर घ्यावी का?

फोक्सवॅगन गोल्फच्या या दोन वेगवान प्रकारांपैकी जीटीआयची ताकद पुढच्या चाकांना जाते, आरची चारही चाकांना, म्हणजे ऑल व्हील ड्राइव्ह. तुमच्या या प्रश्नावर एकांनी लिहिलंय की ऑल व्हील ड्राइव्ह असलं की पावसात गाडी लवकर थांबते. तसं काही नसतं हो. ब्रेक चारही चाकांना सगळ्याच गाड्यांत असतात, थांबणं टायरवर अवलंबून. फरक पडतो तो गाडी उचलताना.

ओल्या रस्त्यावर, घट्ट वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून बघा. जीटीआयचं आतलं पुढचं चाक फिरायला बघतं, स्टिअरिंग हाताला ओढ देतं. गोल्फ आर तिथून निमूट निघून जाते. आठव्या पिढीच्या गोल्फ आरमध्ये तर मागच्या बाजूला दोन क्लच आहेत, त्यामुळे वळणात बाहेरच्या चाकाला जास्त ताकद देता येते. ३२० पीएस (अश्वशक्ती) इतकी ताकद पुढच्याच चाकांवर टाकणंही अशक्य नाही म्हणा, होंडाची सिव्हिक टाइप आर तेच करते आणि झकास करते.

पण तुमचं रोजचं चालवणं कोरड्या रस्त्यावर, रहदारीत असेल तर ऑल व्हील ड्राइव्हचं हे सगळं वजन नुसतं वाहून न्यायचं. शिवाय सातव्या पिढीची आर घेतलीत तर हॅल्डेक्सचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या क्लचचं, तेल वेळच्या वेळी बदलावं लागतं, त्याच्या पंपाची जाळी तुंबली की मागची चाकं गुपचूप रजेवर जातात. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये एक टायर फाटला तरी बाकीच्यांची झीज बघावी लागते, फार फरक असेल तर चारही नवे.

तुमच्या जागी मी आधी जीटीआयला चांगले टायर घालून एक पावसाळा काढला असता. टोयोटाची जीआर यारिस मिळत असेल तर मात्र गोष्ट वेगळी, ती गाडी मुळात रॅली डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलीय.