स्विफ्ट डर्ट ऑटोक्रॉस बिल्ड: पुढचे स्ट्रट कोणते घेऊ?

मंडळी, जुनी १.३ पेट्रोल स्विफ्ट डर्ट ऑटोक्रॉससाठी (मातीच्या ट्रॅकवरची वेळेची शर्यत) तयार करतोय. आतलं सगळं काढून झालंय, रोल केज बसलाय, इंजिनाला हात लावणार नाही. गाडं अडलंय ते पुढच्या स्ट्रटवर (स्प्रिंग बसते तो शॉक ॲब्सॉर्बर).

कंपनीचे स्ट्रट उतरवले तर रॉडचं क्रोम एकाच बाजूने घासलेलं आणि सीलभोवती तेलात भिजलेल्या मातीचं कडं. स्विफ्टच्या पुढच्या मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये स्ट्रट नुसती उसळी आवरत नाही, चाकावरचा आडवा भारही पेलतो. मातीत हे होणारच. म्हणून ओढा उलट्या बसवणीच्या मोनोट्यूबकडे (एकाच नळीचा शॉक) आहे. त्यात बारीक रॉडऐवजी जाड नळकांडं सरकतं, वाकायची भीती कमी. पण नवा सेट बजेटबाहेर.

ओळखीत एक वापरलेला कॉइलओव्हर सेट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र) मिळतोय. उंची कमी-जास्त करता येते, वर चाकाचा कल बदलणारी कॅम्बर प्लेट, दिसायला तर झकास. पण तो डांबरी ट्रॅकसाठी केलेला: स्प्रिंग ६ किलो/मिमी (एक मिमी दाबायला ६ किलो), ट्रॅव्हल म्हणजे चाकाची वर-खाली चाल तोकडी. मातीत गाडी खाली बसवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचं बाहेरचं टोक वर चढलं की रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो, म्हणजे दोघांतलं अंतर वाढून रोल कमी व्हायचा तर उलट वाढायला बघतो. शिवाय पहिल्याच खड्ड्यात बम्प स्टॉपवर (चाल संपते तिथला रबर) आदळणार.

दुसरा मार्ग म्हणजे कंपनीचेच नवे स्ट्रट, ४ किलोची स्प्रिंग आणि आत जाड तेल. 'तेल बदललं की काम झालं,' असं इथला मेकॅनिक म्हणतो. मला पटत नाही. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर तिला तेवढंच आवरायला डॅम्पिंग (शॉकचा विरोध) साधारण १.४ पट लागतं, हे ठीक. पण जाड तेलाने बम्प (दाबतानाचा विरोध) आणि रिबाउंड (परत उघडतानाचा) दोन्ही वाढतात, मला मुख्यतः रिबाउंड हवाय. आणि तापल्यावर ते तेलही पातळ होणारच.

पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने पेलायचा भार २३० किलो धरला तर ४ किलोवर सेकंदाला साधारण दोन उसळ्या येतात. मातीसाठी बरोबर, की अजून मऊ जाऊ?

स्ट्रट कापून, आतले व्हॉल्व्ह शिम (तेलाची वाट अडवणाऱ्या पातळ चकत्या) बदलून पुन्हा बंद करून देणारं पुणे-नाशिककडे कोणी आहे का? स्विफ्ट मातीत पळवलेल्यांनी कोणती स्प्रिंग आणि किती ट्रॅव्हल ठेवला तेवढं सांगा. मागच्या टॉर्शन बीमचं (मागची चाकं जोडणारा दांडा) नंतर बघू. आणि 'सरळ नवीन घे' सोडून काहीही चालेल.