स्थानकापासून नदीपर्यंत : खानदेशातील हिवाळी पायपीट

ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेथे गावे पायी पाहायची तर डिसेंबर-जानेवारीवाचून पर्याय नाही. रेल्वेने उतरून नदीपर्यंत चालत पाहिलेल्या आपल्या भागातील शहरांचे अनुभव सर्वांनी लिहावेत, ही विनंती. मोटारीने केलेल्या सहली कृपया येथे नकोत.

जळगावहून

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी फारुकी सुलतानांच्या खानदेशाची ती राजधानी होती, म्हणून त्याचा समावेश मी हक्काने करतो. पहाटेच्या गाडीने निघालो. भुसावळ सोडल्यावर तापीचा पूल लागला, तेव्हा पाण्यावरून वाफ उठत होती आणि डब्यातील प्रत्येकाने खिडकी घट्ट लावून घेतलेली होती. मी ती उघडली आणि बोलणी खाल्ली.

स्थानक लालबाग भागात, शहरापासून बरेच दूर आहे. याच भागातील कुंडी भंडारा प्रथम पाहावा. मोगल काळात, १६१५च्या सुमारास, सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले गेले. ओळीने खोदलेल्या विहिरींसारख्या कुंड्या त्या बोगद्यांची वाट वरून दाखवतात. तेथून शनवारा दरवाजातून आत शिरून मी जामा मशिदीपाशी पोहोचलो. अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही असलेली मशीद मी दुसरी पाहिलेली नाही. शेवटी शाही किल्ला, त्यातील रंगीत छताचे हमामखाने आणि खाली तापी. मुमताजमहल १६३१ मध्ये याच शहरात बाळंतपणात वारली आणि प्रथम तिला पैलतीरी जैनाबादला पुरले होते, हे ठाऊक असूनही घाटावर उभे राहून पलीकडे पाहताना ते नव्याने जाणवले. परतताना गरम मावा जिलेबी घेतली. मफलरवर पाक सांडला, त्याचा डाग अजून आहे.

निवृत्त शिक्षक, अमळनेर

आमच्या बोरी नदीला हिवाळ्यात पाणी असेलच असे नाही, हे आधीच सांगतो. परंतु संत सखाराम महाराजांची समाधी नदीच्या पात्रातच असल्यामुळे, पात्र उघडे असताना तिच्यापर्यंत वाळूतून चालत जाण्यात एक वेगळे समाधान आहे. वाटेत प्रताप हायस्कूल लागते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथे शिकवत होते. बाहेरून येणारे लोक मात्र विप्रोबद्दल विचारतात. ती कंपनी १९४५ मध्ये याच गावी वनस्पती तेलाच्या धंद्यातून सुरू झाली, ही गोष्ट खरी आहे. २०२४च्या फेब्रुवारीत येथे ९७वे साहित्य संमेलन भरले, त्या दिवसांत स्थानकावरून शाल गुंडाळून पायी येणारी माणसे पाहताना वाटले, गाव असेच पाहावे. दुपारी कळण्याची भाकरी आणि भरीत, सोबत कांद्याची पात. हिरवी वांगी थंडीतच खरी चवीची असतात.

धुळ्याहून

चाळीसगावहून येणारा रेल्वेचा फाटा धुळ्याला संपतो, त्यामुळे उतरण्याची घाई नसते. ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याच्या काळात आखलेल्या सरळ, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या ओलांडत पांझरेकाठी एकवीरा देवीपर्यंत गेलो. इतिहासकार वि. का. राजवाडे १९२६च्या डिसेंबरअखेरीस याच गावी वारले. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात मी तासभर थांबलो, कारण बाहेर फारच गार वारा सुटला होता.

नवापूरहून

आमची रंगावली नदी लहान, पण स्थानक दोन राज्यांत विभागलेले! एकाच बाकावर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत बसून चहा घेता येतो.

भुसावळहून, रेल्वेतील नोकरदार

वरील सर्वांना एकच सूचना. उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या तिकडच्या धुक्यामुळे या दिवसांत तासन्‌तास उशिरा येतात, तेव्हा परतीसाठी त्यांच्यावर विसंबू नये. सुरत मार्गावरच्या पॅसेंजर गाड्या बऱ्या. मी स्वतः गेल्या जानेवारीत बऱ्हाणपूरच्या फलाटावर, पायांत चपला असताना, चार तास काढले आहेत. बूट न्यावेत.