तीन महिने पोहतेय, काटा हलत नाही. काय चुकतंय?

शंखपुष्पी:

नमस्कार. वय 44, उंची 158 सेंमी, वजन 82 किलो. गुडघे दुखायला लागले आणि फिरणं बंद पडलं, तेव्हा डॉक्टरच म्हणाले की पाण्यात उतरा. लहानपणी पोहायला शिकले होते, त्यामुळे पाण्याची भीती नाही. तीन महिने झाले, आठवड्यातून चार दिवस सकाळी सहा ते सात टँकवर असते. झोप अपुरी असली तरी खाडा नाही.

पहिल्या दिवशी 82 किलो होते, काल 81.7. अंग हलकं वाटतं, झोप छान लागते, पण घरी आल्यावर इतकी कडकडून भूक लागते की हाताला येईल ते खाल्लं जातं. बहुतेक वेळ ब्रेस्टस्ट्रोक मारते, मधेमधे फ्रीस्टाईल. फ्रीस्टाईलची एक लेंग्थ (25 मीटर) झाली की धाप लागते आणि काठ धरून थांबावं लागतं.

पोहून वजन खरंच उतरतं का, की मी चुकीच्या व्यायामामागे लागलेय? मला हे सोडायचं नाहीये. पण काट्यावर उभी राहिले की रडू येतं.

रानवाट:

माझा अनुभव तुमच्यासारखाच. 1987 साली अमेरिकेत छापून आलेला एक अभ्यास आहे. लठ्ठ तरुणींचे तीन गट केले होते, चालणं, सायकल आणि पोहणं, आणि खाण्यावर काही बंधन घातलं नव्हतं. पहिल्या दोन गटांचं वजन दहा-बारा टक्क्यांनी उतरलं, पोहणाऱ्यांचं होतं तिथेच राहिलं. गुडघ्यांना चालत असेल तर एका जागची सायकल बघा.

हातभर पाणी:

ताई, पोहणं सोडू नका. मी 49 व्या वर्षी शिकलो, आज 57 चा आहे. तुमचं एक वाक्य वाचलं आणि माझं पहिलं वर्ष डोळ्यांपुढे उभं राहिलं: लेंग्थ झाली की काठ धरून थांबावं लागतं. मला वाटतं, तुमचं वजन तिथे अडलंय. भूक त्याच्यानंतर.

उद्या एवढं करा. टँकवरच्या घड्याळाकडे बघत, तासाभरात तुमचे हातपाय प्रत्यक्ष किती मिनिटं चालतात ते मोजा. मी मोजली तेव्हा 14 मिनिटं भरली. बाकीचा वेळ काठ धरून उभं राहण्यात, गॉगल पुसण्यात आणि शेजारच्या लेनमधल्यांशी बोलण्यात गेला होता. वर्षभर मी घरी सांगत होतो की रोज तासभर पोहतो, आणि माझा त्यावर मनापासून विश्वास होता.

आता हिशेब. निवांत मारलेल्या फ्रीस्टाईलला साधारण 5.8 मेट धरतात, म्हणजे स्वस्थ बसून जेवढी ऊर्जा लागते तिच्या 5.8 पट. मेट गुणिले किलो गुणिले तास केलं की कॅलरी मिळतात. तुमच्या 82 किलोला 15 मिनिटांच्या सुमारे 119 कॅलरी होतात आणि 40 मिनिटांच्या सुमारे 317. आठवड्याचे चार दिवस धरले तर एकीकडे 476, दुसरीकडे 1268. किलोभर चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी. तुमचीही मिनिटं माझ्यासारखी पंधराच्या आसपास निघाली, तर एका किलोला सोळा आठवडे लागतील. तुमचे तेराच झालेत, आणि वर ती भूक आहे. म्हणजे 300 ग्रॅम उतरले यात आश्चर्य काहीच नाही.

मग धाप का लागते? बहुतेकांची ताकद कमी पडत नाही, श्वास चुकतो. चेहरा पाण्यात असताना आपण श्वास कोंडून धरतो. तोंड बाहेर आलं की त्या क्षणभरात सोडायचाही असतो आणि घ्यायचाही, आणि दोन्ही अर्धवट होतं. कार्बन डायऑक्साइड साचत जातो, आणि जीव घुसमटतो तो मुख्यतः त्यामुळे. त्यात श्वासासाठी डोकं वर उचललं की पाय खाली बुडतात, अंग तिरकं होतं आणि आपण छातीने पाणी रेटत राहतो.

मला एका कोचने दहा दिवस एक मीटरही पोहू दिलं नाही. उथळ बाजूला काठ धरायचा, तोंड पाण्यात घालून नाकातोंडातून संथ बुडबुडे सोडायचे, आणि डोकं न उचलता, कूस बदलावी तसं वळून श्वास घ्यायचा. गॉगलची एक काच पाण्यात, एक बाहेर. आसपास पोरं सपासप लेंग्थ मारत होती आणि मी बुडबुडे काढत होतो. फार चिडचिड झाली. अकराव्या दिवशी सलग चार लेंग्थ गेलो आणि काठाला लागल्यावर मला नीट बोलता येत होतं. कोचना पहिलं वाक्य मी हेच म्हणालो, "अहो, मला बोलता येतंय!"

श्वास बसला की वेग कमी ठेवा, अगदी लाज वाटेल इतका. एक लेंग्थ, मग 20 सेकंद थांबायचं, अशा बारा. ते सोपं वाटू लागलं की थांबण्यातली 5 सेकंदं कापायची. माझ्या सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे विश्रांती काठावर घ्यायची नाही, बॅकस्ट्रोकमध्ये घ्यायची. फ्रीस्टाईलने जायचं, पाठीवर परत यायचं. तोंड मोकळं राहतं, दम भरून येतो आणि पाय चालूच राहतात. यानेच माझी 14 मिनिटं चार महिन्यांत 38 झाली.

भुकेचं म्हणाल तर तो तुमच्या मनाचा दुबळेपणा नाही. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. 2005 साली छापलेल्या एका प्रयोगात काही पुरुषांना पाण्यात बसवून 45 मिनिटं सायकल मारायला लावली, एकदा 20 अंशांच्या पाण्यात आणि एकदा 33 अंशांच्या. नंतर हवं तेवढं खायला दिलं. गार पाण्यातून आल्यावर त्यांनी 44 टक्के जास्त कॅलरी खाल्ल्या. म्हणून बाहेर आल्याबरोबर गरम पाण्याने अंघोळ, केस पूर्ण कोरडे, आणि काहीतरी गरम पिऊन वीस मिनिटं थांबणं. घरी आल्यावर काय आणि किती खायचं ते मी टँकवर जाण्याआधीच वाढून झाकून ठेवत असे, कारण परत आल्यावर ठरवणारा माणूस उपाशी असतो. उपाशी राहू मात्र नका, दुपारी दुप्पट खाल.

पहिल्या वर्षात मी 97 चा 96 झालो. पुढच्या चौदा महिन्यांत 84.

रानवाट, तुम्ही सांगितलेला अभ्यास खरा आहे. पण 2010 साली ऑस्ट्रेलियातला दुसरा आला. 50 ते 70 वयाच्या बैठं आयुष्य असलेल्या स्त्रिया आठवड्यातून तीनदा, कोणी चालल्या तर कोणी पोहल्या. वर्षाअखेरीस पोहणाऱ्यांचं वजन चालणाऱ्यांपेक्षा 1.1 किलोने जास्त उतरलं होतं. फरक लहान आहे, मान्य. तरी पोहून उतरतच नाही, असं ताईंना सांगणं बरोबर नाही.

कूर्मगती:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरच्या प्रतिसादात एक महत्त्वाची गोष्ट राहिली. ताई, गुडघे दुखत असताना बहुतेक वेळ ब्रेस्टस्ट्रोक मारू नका. त्या किकमध्ये पाय बाहेर फेकून जवळ ओढताना गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण येतो. रोज ब्रेस्टस्ट्रोक मारणाऱ्या खेळाडूंनाही तिथे दुखणं लागतं. फ्रीस्टाईल आणि बॅकस्ट्रोकची लात कंबरेतून, गुडघा सैल ठेवून मारा. कुठल्या बाजूला आणि केव्हा दुखतं ते तुमच्या डॉक्टरांना नेमकं सांगा.

श्वास बसेपर्यंतच्या दिवसांत छातीभर पाण्यात भरभर चाला. तिथे सांध्यांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो, त्यामुळे जमिनीवर न जमणारं चालणं पाण्यात जमतं. आणि आठवड्यातून दोनदा जमिनीवर स्नायूंचे व्यायाम हवेतच, कारण पाणी भार उचलतं तेव्हा हाडांनाही भार मिळत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं इथून सुरू करा, दुखलं तर थांबा.

शंखपुष्पी:

सहा आठवड्यांनी लिहितेय. मी मोजलं. तासात 17 मिनिटं. त्या दिवशी खूप वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही झालं, कारण माझ्या शरीरात काही बिघाड नव्हता.

बुडबुड्यांना मला दहा नाही, सोळा दिवस लागले. डावीकडे वळून श्वास अजून जमत नाही, उजवीकडे जमतो. ब्रेस्टस्ट्रोक बंद केला आणि जिना उतरतानाची कळ बरीच कमी झाली. कूर्मगतीताई, तुमचे खरंच आभार. पहिले पंधरा दिवस पाण्यात चालले, आता सलग सहा लेंग्थ होतात, तासातली 31 मिनिटं भरतात. वजन 80.4. कंबर 3 सेंमीने कमी. परवा जुना कुडता घातला आणि आरशासमोर थोडा वेळ नुसतीच उभी राहिले.

हातभर पाणी, एक विचारायचंय. बॅकस्ट्रोकमध्ये विश्रांती मिळते खरी, पण भिंत डोक्याला लागेल या भीतीने मी शेवटी वळून बघते आणि तिथेच पाणी नाकात जातं. तुम्ही काय करता?

हातभर पाणी:

ताई, 80.4 वाचून फार आनंद झाला. सोळा दिवस बुडबुडे काढत राहिलात, त्याचा तर जास्तच.

टँकवर आडव्या दोरीला रंगीत झेंडे लावलेले असतील तर बघा, ते भिंतीपासून 5 मीटरवर असतात आणि खास पाठीवर पोहणाऱ्यांसाठीच लावतात. एकदा सावकाश जाऊन झेंडे डोक्यावर आल्यापासून भिंतीपर्यंत किती हात पडतात ते मोजा. माझे सहा पडतात, तुमचे सात-आठ पडतील. त्यातला एक कमी धरून तेवढे मारायचे, मग एक हात डोक्यामागे लांब ठेवून नुसते पाय चालवत भिंतीला टेकायचं. झेंडे नसतील तर छताचा एखादा खांब, दिवा, काहीही कायमची खूण पकडा. नाकात पाणी जातं त्यावर उपाय म्हणजे पाठीवर असतानाही नाकातून हळूहळू श्वास सोडत राहणं.