मदत हवी आहे: वडिलांची अ‍ॅसिडिटीची रोजची कॅप्सूल कशी थांबवावी?

नमस्कार. आम्ही नागपूरचे. माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. काही वर्षांपूर्वी गुडघेदुखीसाठी त्यांना वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा पोटाला इजा होऊ नये म्हणून पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारे) ४० मिलिग्रॅम आणि डोम्पेरिडोन (मळमळ-उलटीवरील) ३० मिलिग्रॅम असलेली कॅप्सूल सकाळी उपाशीपोटी घ्यायला सांगितली होती. पुढे वेदनाशामक गोळ्या थांबल्या. कॅप्सूल मात्र चालूच राहिली, कारण औषधाच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवली की ती मिळते. नुकत्याच केलेल्या तपासणीत व्हिटॅमिन बी-१२ कमी निघाले. वडील मधुमेहासाठी मेटफॉर्मिनही घेतात आणि दीर्घकाळ घेतल्यास दोन्ही औषधांनी बी-१२ घटू शकते, त्यामुळे सगळा दोष कॅप्सूलवर टाकता येत नाही, हे मला मान्य आहे. पण ज्या कारणासाठी औषध दिले ते कारणच उरले नसेल, तर औषध तरी का, असे आम्ही आमच्या फिजिशियनना विचारले आणि त्यांनी बंद करून पाहण्यास सांगितले.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. पहिले काही दिवस बरे गेले आणि मग छातीत इतकी जळजळ होऊ लागली, की तशी त्यांना कॅप्सूल सुरू होण्यापूर्वीही कधी झाली नव्हती. आता या औषधावाचून आपले चालणार नाही, असे ठरवून वडिलांनी ती पुन्हा सुरू केली.

माझ्या वाचनाप्रमाणे पॅन्टोप्राझोलमुळे आम्ल दबले, की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते. औषध अचानक काढल्यावर ते वाढलेले गॅस्ट्रिन जठराला पूर्वीपेक्षा जास्त आम्ल तयार करायला लावते. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर निरोगी माणसांना आठ आठवडे एसोमेप्राझोल (पॅन्टोप्राझोलच्याच गटातील औषध) देऊन थांबवले, तेव्हा ४४ टक्के लोकांना आम्लपित्ताची लक्षणे जाणवली. औषधाऐवजी नकली गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणून माझा प्रश्न असा की, वडिलांची जळजळ ही औषध सोडल्याची आहे की मूळ आजाराची, हे कसे ओळखावे, आणि पुढच्या वेळी मात्रा कशी उतरवावी?

आहाराचे सल्ले कृपया मोजकेच द्यावेत. सावजी रस्सा आणि तर्री-पोहे आमच्या घरी केव्हाच बंद झाले आहेत. वाद आहे तो वेळेचा. उन्हाळ्यात रात्री दहाशिवाय त्यांना जेवण जात नाही आणि जेवल्याबरोबर ते कूलरसमोर आडवे होतात.

प्रतिसाद:

मी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली आहे, डॉक्टर नाही. तेव्हा हे मुद्दे तुमच्या फिजिशियनसमोर ठेवावेत. वडील हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध घेतात का, हे तुम्ही लिहिलेले नाही. घेत असतील, किंवा पूर्वी एन्डोस्कोपीत अन्ननलिकेला गंभीर व्रण अथवा बॅरेट्स अन्ननलिका (दीर्घकाळच्या आम्लामुळे अन्ननलिकेच्या अस्तरात झालेला बदल) आढळली असेल, तर कॅप्सूल परस्पर थांबवू नये. गिळताना अडकणे, काळी शौच, वजन किंवा हिमोग्लोबिन घटणे यांपैकी काही असल्यास आधी एन्डोस्कोपीचे विचारावे. शिवाय मधुमेही माणसाला जिने चढताना छातीत जळजळ होत असेल, तर ती अ‍ॅसिडिटी समजून न बसता लगेच ईसीजी काढावा.

यांपैकी काही नसेल, तर माझ्या मते आधी डोम्पेरिडोन काढण्याचे विचारावे. हृदयाच्या लयीवरील परिणामामुळे युरोपीय औषध नियामकांनी २०१४ मध्ये त्याचा वापर थोड्या दिवसांपुरता मर्यादित केला. वर्षानुवर्षे घेण्याचे ते औषध नव्हे. नंतर नुसते पॅन्टोप्राझोल ४० ऐवजी २०, मग एक दिवसाआड, आणि जळजळ झालीच तर तेवढ्यापुरते फॅमोटिडीन (आम्ल कमी करणारे वेगळ्या गटातील औषध) किंवा अँटासिड, असा उतरता क्रम डॉक्टर आखून देऊ शकतात. गोळीवर आतड्यात विरघळणारे आवरण असते, म्हणून ४० ची गोळी तोडून २० करू नये. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये एकदम थांबवणे आणि हळूहळू उतरवणे हे दोन्ही मार्ग ग्राह्य मानले आहेत, पण वडिलांचा धीर एकदा सुटलेला असल्याने मी हळूहळू उतरवण्याचाच मार्ग निवडला असता.

औषध सोडल्याची जळजळ काही आठवड्यांत ओसरत जाते. तीव्र त्रास दोन महिन्यांपलीकडे राहिला, तर मूळ आजार आहे किंवा कारण आम्लाव्यतिरिक्त काही आहे, असे धरून पुन्हा तपासणी करावी. दहाचे जेवण आठवर आणणे जमत नसेल, तर पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवाव्यात. नुसत्या उशा वाढवून पोट मात्र दुमडते. आणि गुडघा पुन्हा दुखू लागला तर दुकानातून वेदनाशामक आणून देऊ नये, कारण मग पोटाला संरक्षण लागेल का, हे डॉक्टरांना नव्याने ठरवावे लागेल.