मदत हवी आहे: टॅपिंगला (वितळलेला धातू बाहेर काढताना) भट्टीच्या तळाचं तापमान खाली काऊन येते?

तुमसरचा_भट्टीवाला: फेरोमँगनीजची (लोखंड-मँगनीजचा मिश्रधातू) सबमर्ज्ड आर्क भट्टी, म्हणजे मालात बुडलेल्या इलेक्ट्रोडवर चालणारी विजेची भट्टी. तळाच्या विटांमधला थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांची जोडी, तापमानाप्रमाणे बारीक व्होल्टेज देते) एरवी ६३० अंश दाखवते, टॅपिंग सुरू झालं की ६०५, मग परत ६३०. थर्मोकपल बदलला, तरी तेच. लवकर सांगा राजेहो.

वर्धेकर: टाइप के का एस (तारांच्या धातूंवरून पडलेले प्रकार)? हेड, म्हणजे थर्मोकपलच्या तारा केबलला जोडायची डबी, कुठं बसवलं? पॅनेलपर्यंत केबल कोणती? हे न सांगता काय सांगावं भाऊ?

पायरोभक्त: थर्मोकपलचा नाद सोडा. टू-कलर पायरोमीटर (उजेडावरून लांबूनच तापमान मोजणारं यंत्र) वितळलेल्या धातूच्या धारेवर लावा.

वर्धेकर: तळ विटांच्या आत हाय बाप्पा, धारेवर लावून काय दिसणार? अन् धारेत स्लॅग (मळी) आला की आकडा उड्या मारते.

आर्कवाला: नॉइज (विजेचा गडबडगोंधळ) आहे. केबल बसबारपासून (जास्त करंटच्या पट्ट्या) दूर न्या, शील्ड (केबलवरचं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थ करा.

वर्धेकर: नॉइजनं आकडा थरथरते, दर टॅपिंगला खालीच पडत नाही.

तुमसरचा_भट्टीवाला: टाइप के. हेड टॅपहोलच्या बाजूनं. पॅनेल एसी रूममध्ये. केबल शटडाउनमध्ये नवीनच टाकली, अडीच स्क्वेअर, एकदम भारी.

वर्धेकर: तांब्याची म्हणा ना मग! तिथंच घोळ. थर्मोकपल फक्त तळ अन् हेडमधल्या फरकाचं व्होल्टेज देते, म्हणून हेड ते पॅनेल तांबं असलं की हेडचं तापमान हिशोबातून गळते; पॅनेलमधला कंट्रोलर फक्त आपल्या टर्मिनलचं, समजा २५ अंशाचं, १ एमव्ही (मिलिव्होल्ट) जोडते. तळ ६५० असला तर २७.०२ एमव्ही पाहिजे. हेड ४५ वर असलं तर १.८२ वजा, १ जमा: साधारण ६३०. टॅपिंगच्या झळीनं हेड ७० वर गेलं की २.८५ वजा: ६०५ च्या आसपास. तळ थंड होत नाही, उलट तुम्ही कमी आकडा पाहून राहिले. अलार्मही तेवढाच उशिरा वाजणार.

आर्कवाला: तरी शील्ड कराच.

तुमसरचा_भट्टीवाला: मग आता?

वर्धेकर: हेडपासून थेट कंट्रोलरपर्यंत के टाइपची एक्स्टेन्शन केबल (थर्मोकपलच्याच धातूंची), मधल्या जंक्शन बॉक्समध्येही के चेच टर्मिनल. अमेरिकन रंगात पिवळी प्लस, लाल मायनस. लाल पाहून प्लसला जोडू नका. आयईसीत (आंतरराष्ट्रीय मानक) हिरवी प्लस, पांढरी मायनस. शंका आली तर चुंबक लावा, के ची मायनस तार चिकटते. दोन्ही टोकांना उलटी जोडली तर चूक तांब्यापेक्षा दुप्पट होईल. केबल येईपर्यंत हेडवर मल्टिमीटरनं एमव्ही मोजा, हेडच्या तापमानाचे एमव्ही त्यात मिळवा, मग के टाइपच्या एमव्ही-तापमान टेबलात पाहा.

पायरोभक्त: यापेक्षा पायरोमीटर सोपा होता.