डार्नलीच्या खुनात राणी मेरीचा हात होता का?

केतकी:
स्कॉटलंडच्या राणी मेरीबद्दल कुठेही वाचा, शेवटी 'नवऱ्याला मारलं आणि दुसऱ्याशी लग्न केलं' इथेच गाडी थांबते. मला हे पटत नाही. लॉर्ड डार्नलीशी तिचं लग्न 29 जुलै 1565 ला झालं. वर्षही उलटलं नव्हतं, 9 मार्च 1566 च्या रात्री ती होलीरूड राजवाड्यात मोजक्या माणसांसोबत जेवत होती. सहा महिन्यांची गरोदर. खाजगी जिन्याने डार्नली येऊन शेजारी बसला, मागोमाग चिलखत घातलेला लॉर्ड रुथवेन. टेबल उलथलं. पडणारी एक मेणबत्ती काउंटेस ऑफ आर्गाइलने वरच्यावर झेलली, म्हणून निदान उजेड राहिला. राणीचा चिटणीस रिझिओ तिचा झगा घट्ट धरून होता. त्याला ओढत नेऊन पन्नासहून जास्त वार केले आणि डार्नलीचा खंजीर प्रेतातच ठेवला, त्याला पुढे हात झटकता येऊ नयेत म्हणून. मग दोनच दिवसांत डार्नली साथीदारांना दगा देऊन राणीसोबत पळाला. त्याच्या जिवावर खरे उठले होते ते हे साथीदार.

सह्याद्रीकर:
केतकीताई, प्रसंग भयंकरच. पण खुनाचा हेतूही त्यातूनच मिळतो ना? जानेवारी 1567 मध्ये डार्नली ग्लासगोला आजारी होता, बापाच्या मुलखात सुरक्षित. त्याला एडिंबराला आणलं कोणी? स्वतः मेरीने. 10 फेब्रुवारीला पहाटे दोनच्या सुमारास एडिंबरातलं त्याचं कर्क ओ'फील्डचं घर बंदुकीच्या दारूने उडालं. त्याच रात्री राणी तिथून उठून होलीरूडला गेली होती, नोकराच्या लग्नाच्या मेजवानीला. आणि 15 मे ला लग्न कोणाशी? ज्याच्यावर सगळ्यांचा संशय, त्या सरदार बॉथवेलशी!

केतकी:
दादा, डार्नली स्फोटाने मेलाच नाही. तो आणि त्याचा नोकर बाहेर बागेत सापडले, अंगावर भाजल्याची खूण नाही. जवळ खुर्ची, दोर, खंजीर. म्हणजे बाहेर कोणीतरी दबा धरून होतं. रिझिओच्या खुनातला म्होरक्या मॉर्टन जानेवारीतच हद्दपारीतून परतला होता. 1581 मध्ये त्याचं डोकं उडवलं ते डार्नलीच्या खुनातल्या सहभागासाठीच. मेरीने बॉथवेलला लिहिली म्हणतात ती पत्रं ज्या चांदीच्या पेटीत 'सापडली', ती पेटीही याच मॉर्टनच्या हाती लागली. मूळ पत्रं आज नाहीत, नकलांवर बाईला खुनी ठरवतात.

नर्मदाकाठ:
पण मॉर्टनला माफी दिली मेरीनेच, डिसेंबर 1566 मध्ये. त्याचा डार्नलीवर राग आहे हे तिला ठाऊक नव्हतं? पत्रं बाजूला ठेवा. 12 एप्रिलच्या खटल्याला फिर्यादी, म्हणजे डार्नलीचा बाप, हजर नाही, शहरभर बॉथवेलची माणसं, आणि बॉथवेल निर्दोष. राणीने हे होऊ दिलं.

केतकी:
माफीसाठी दरबारी आणि इंग्लंड दोघे मागे लागले होते. आणि 24 एप्रिलला बॉथवेलने तिला वाटेत गाठून डनबारच्या किल्ल्यात नेलं, त्याबद्दल कोणीच बोललं नाही. तिथे तिच्यावर बळजबरी झाली, असं मला ठामपणे वाटतं. पुढे सरदारांनी बंड करून तिला लॉकलेव्हनच्या किल्ल्यात कैद केलं, तिथे जुळ्यांचा गर्भपात झाला. अंथरुणावर असतानाच 24 जुलैला राज्यत्यागावर सह्या घेतल्या. वय 24. ही कट करून जिंकलेली बाई दिसते?

सह्याद्रीकर:
डनबारचा मी एवढा विचार केला नव्हता. लग्नाचा मुद्दा मागे घेतो. ग्लासगोचा नाही. आजारी माणसाला घरातून उठवून आणलं तिनेच.